साडूंचे तीनशे एकेचाळीस गुरुवार

मनःशांतीच्या पायी इतका अशांत झालेला माणूस उभ्या पुण्यात दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. हा माणूस म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आधी ते पिंपरीच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती गळ्यात मारली, तेव्हा हिंजवडीतल्या एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, क्वालिटी विभागात चिकटले. तिथल्या कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये त्यांच्या कानावर आलं, की आयक्यू आणि ईक्यू आता जुने झाले. डोकं ठिकाणावर ठेवून सुखात राहायचं तर एसक्यू हवा, म्हणजे आध्यात्मिक बुद्धिमत्ता. झालं! पंचवीस वर्षं बेअरिंगमधला केसाएवढा दोष पकडणारा माणूस स्वतःच्या आत्म्यातले दोष शोधायला बसला. आणि शोधायला बसल्यावर सापडायला काय हो, ढिगाने सापडतात.

कामाचा वेळ मोडायला नको म्हणून ते प्राणायाम लाल सिग्नलला करायचे, स्कूटरवर, हेल्मेट घालून. सिग्नल हिरवा झाला तरी यांचा श्वास आतच असायचा, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून तो बाहेर काढायचे. ध्यानाला बसले की मांडी घातलेली असूनही गुडघा हलतच असायचा. ध्यानासाठी त्यांनी बुधवार पेठेतून गजराचं एक घड्याळ आणलं. ते वीस मिनिटांत अर्धा मिनिट पुढे जातं म्हणून तीनदा परत नेलं. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "शांतता हवीय ना? मग सेल काढून ठेवा." त्या अपमानावर साडू चार दिवस ध्यान करत होते.

मग त्यांनी नातेवाइकांसाठी एक फॉर्म काढला. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला दहापैकी गुण, आणि तो भरल्याशिवाय दिवाळीच्या फराळाचं ताट मिळणार नाही! आमच्या सासूबाईंनी सगळीकडे फुल्या मारल्या आणि म्हणाल्या, "नापास करा मला, पण ती चकली इकडे सरकवा." एक प्रश्न होता, 'मन सैरभैर झाल्यावर आपण कुठे जाता?' मी वैतागून लिहिलं, 'खडकवासल्याला, कणीस खायला.' साडूंनी गंभीर चेहऱ्याने मला दहापैकी तीन दिले आणि कागद फायलीत लावला. मी भडकलो. तीन? म्हटलं, या माणसाकडे पुन्हा फराळाला यायचं नाही.

पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे गुरुवारचं मौन. गळ्यात दोरीने अडकवलेली पाटी, खिशात खडू. बोलायचे त्याच्या दुप्पट ते लिहायचे, आणि राग आला की शब्दाखाली खडू मोडेपर्यंत रेघा मारायचे. मेहुणी म्हणायची, "बोलतात तेव्हाच बरं असतं बाई. गुरुवारी भांडी आपटतात." नियम एकच: एक जरी शब्द तोंडातून निसटला, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. देवघराशेजारी एका पुठ्ठ्यावर ते पेन्सिलीने आकडा लिहायचे. तीनशे पासष्ट गुरुवार गाठायचे, म्हणजे पूर्ण एक वर्षाचं मौन पदरात पडेल. साडेसहा वर्षं झाली होती, आकडा तीनशे एकेचाळीसवर होता. मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा हे गृहस्थ व्याह्यांशी पाटीवर बोलले होते.

मंदीच्या त्या वर्षी माझ्या कंपनीने मला सकाळी अकराला एका खोलीत बोलावलं आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. अठरा वर्षांची नोकरी, पाच मिनिटांत संपली. घरी जाऊन बायकोला काय सांगणार? फोन बंद केला आणि गाडी खडकवासल्याला नेली. दुपार उलटली तरी मी काठावरच उभा होतो. कणीस घेतलं नव्हतं. पाण्याकडे फार वेळ बघत होतो, आणि मनात जे येत होतं ते चांगलं नव्हतं. खोटं कशाला बोलू?

वार गुरुवार होता. माझा फोन लागेना म्हणून बायकोने ऑफिसात विचारलं, तिथे सगळं कळल्यावर बहिणीला फोन केला, बहिणीने साडूंना सांगितलं, आणि साडूंनी काय केलं असेल तर फाइल उघडून माझा फॉर्म काढला. ते धापा टाकत आले, शेजारी उभे राहिले. पाटीवर खडू करकरला. पाटी माझ्यापुढे आली. मी बघितलं नाही. पुसली, पुन्हा लिहिली, पुन्हा पुढे केली. मी पाण्यावरची नजर काढली नाही.

"अहो," साडू म्हणाले. आवाज फाटलेला होता. "इकडे बघा. घरी चला. मला भीती वाटतेय हो."

मी वळलो. शांतीवर तासन्‌तास बोलणारा हा माणूस लटलट कापत होता आणि त्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी तिथेच ढसाढसा रडलो. मग आम्ही दोन कणसं घेतली. साडू तासभर अखंड बोलत राहिले: लिंबू कमी आहे, पिंपरीचं कँटीन कसं होतं, स्कूटरचा ब्रेक लागत नाही. आध्यात्मिक बुद्धिमत्तेचं नावसुद्धा काढलं नाही.

सहा महिन्यांनी मला दुसरी नोकरी लागली. पेढे द्यायला गेलो, तर पुठ्ठ्यावर ३४१ खोडलेलं आणि खाली शून्य. म्हटलं, "एव्हाना पंचविसेक गुरुवार व्हायला हवे होते." साडू म्हणाले, "राहून जातं हो," आणि पेढा तोंडात टाकला.

राहून कसं जातं ते मला ठाऊक आहे. त्या दिवसापासून दर गुरुवारी संध्याकाळी मला त्यांचा फोन येतो. "काय, जेवणखाण व्यवस्थित ना?" एवढंच विचारतात. आता ते पंचाहत्तरीला आले, आवाज कापतो, मध्येच नावं विसरतात. मी कितीदा सांगितलं, अहो, बुधवारी करा, शुक्रवारी करा. ऐकत नाहीत. पुठ्ठ्यावर अजून शून्यच आहे.