माझ्या दारातला उकिरडा

दसरा झाला की आम्ही ऊसतोडीला निघायचो. निघण्याआधी मी भिंती पोतारायचे, भुई सारवायचे, गोधड्यांना ऊन दाखवून कडुलिंबाच्या पाल्यासकट पेटीत भरायचे. सहा महिने फडावरच्या कोपीत, उसाच्या पाचटावर झोपणाऱ्या बाईला आपलं घर तरी घरासारखं लागतं.

शेजारी गावच्या सोसायटीचा चेअरमन. आमच्या दाराला कुलूप लागलं की त्याच्या बायकोला माझं अंगण मोकळं रान वाटायचं. एका साली गुढीपाडव्याला परतलो, तर उंबऱ्यापासून चार हातांवर तिचा उकिरडा. शेण, राख, खरकटं, सगळं. माश्या ताटावर, माश्या पोरीच्या तोंडावर. तीन वर्षांची माझी पोर. तिला हगवण लागली ती थांबेना. शिरूरच्या दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा ती डोळेसुद्धा उघडत नव्हती.

तिला घरी आणल्यावर मी हात जोडून शेजारी गेले.

"काकी, तेवढा उकिरडा उचला. पोर मरता मरता वाचली."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सहा महिने कोपीत राहत्यात, अन् घरी आलं की यांना लई सोवळं सुचतंय."

मी परत आले. पण पुढचा सगळा हंगाम उसावर कोयता चालवताना माझ्या डोळ्यांपुढे तिचीच मान होती. खोटं कशाला सांगू?

ते साल दुष्काळाचं. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखाना लवकर बंद पडला आणि आम्ही पाडव्याच्या दीड महिना आधीच गावात हजर. तिला आमची इतक्यात अपेक्षा नव्हती. उकिरडा या खेपेला खिडकीला टेकला होता. त्यांची जनावरं चारा छावणीत गेलेली, शेण तिकडंच राहायचं. म्हणजे मोसंबीच्या बागेसाठी त्यांच्याकडे खत होतं ते एवढंच, माझ्या दारातलं.

मी नवऱ्याला बैलगाडी जुंपायला सांगितली.

"भांडू नको," तो म्हणाला. "कर्जाला सोसायटीत आपलं काम पडतंय."

"भांडतंय कोण? मी अंगण झाडायलेय."

दोन दिवस आम्ही ते खत आमच्या रानात वाहिलं. पहिल्या दिवशी ती माहेरी होती आणि चेअरमन तालुक्याला. दुसऱ्या दिवशी शेवटची खेप भरताना धावत आली.

"कावून नेता गं आमचं खत? मोसंबीचं हाय ते!"

"तुमचं असतं तर तुमच्या दारात असतं की, काकी."

समोरच्या पारावर बसलेली माणसं हसली. चेअरमन बाहेर आला. आपण दुसऱ्याच्या दारात उकिरडा केला, हे चारचौघांत कबूल करायला त्याची जीभ रेटेना. तो बायकोवरच खेकसला आणि आत गेला.

टँकरचं पाणी घराला दोन घागरी मिळायचं. त्यातली एक मी शेणात ओतली आणि सगळं अंगण सारवून काढलं. अशा दुष्काळात ते पाप होतं. मी केलं.

सारवण वाळल्यावर तिच्या दाराकडे तोंड करून पोरीला जेवायला बसवलं. काकी दारातच उभी होती. पोरीनं विचारलं, "आई, आज बाहेर कावून?"

"सावकाश जेव," मी म्हणाले. "तिला दिसू दे."