पाठीला न लागलेली माती

पडायचं कसं, हे मला औरंगाबादेत एका उस्तादांनी शिकवलं. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. माणूस भला होता, तो भाग वेगळा.

दौलताबादजवळच्या आमच्या गावात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कुस्तीत एकच गोष्ट घोकवली होती: पाठ लागू द्यायची नाही. पाठीला माती लागली की गडी चीत. जत्रेतल्या फडांत मी ते बरीच वर्षं पाळलं. मग तिकीट लावून फ्रीस्टाईलच्या कुस्त्या करणारी मंडळी शहरात आली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? जत्रेतल्या नारळांवर पोट भरत नव्हतं, म्हणून मी त्यांच्यात गेलो.

उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेटा, पीठ छुपाना नक्को. पीठ देना सीख."

हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. श्वास सोडायचा. कोपर मागं टेकवायचं नाही, नाहीतर हात गेलाच. सगळी पाठ एकदम टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही तळहात, मातीऐवजी रिंगणात ठोकलेल्या फळ्यांवर सपकन मारायचे. मार अंगभर वाटला जातो आणि आवाज असा होतो, की पुढच्या रांगेतल्याच्या काळजात धस्स व्हावं. "उठना आहिस्ता," उस्ताद बजावायचे. "तेरेकू नक्को दुखना, पब्लिक कू दुखना."

माझं अंग ऐकेना. पडता पडता आपोआप पोटावर वळायचं. आबांची ती सवय मोडायला दोन महिने लागले. मोडली त्या दिवशी उस्तादांनी जिलबी वाटली, आणि मी निलाजऱ्यासारखी ती खाल्ली.

आमखास मैदानावरच्या कुस्तीला आबा गावातली माणसं घेऊन आले. निकाल आधीच ठरतो, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. बुरखा घातलेल्या पहिलवानानं मला डोक्यावर उचलून आपटलं. इतका सुरेख मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो. पब्लिक उभं राहिलं.

तेवढ्यात आबा दोरांतून आत घुसले. हरलेल्या पोरानं पाठीवर माती घेऊन घरी जाऊ नये, म्हणून आमच्याकडं बाप आपल्या हातानं पोराची पाठ पुसतो. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझी पाठ पुसू लागले. मग थांबले. उपरणं स्वच्छ होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना. धीर द्यायला म्हणून मी कानात पुटपुटलो, "आबा, लागलं नाय मला. सगळं ठरलेलं व्हतं."

"म्हंजी तू आपणहून पाठ लावली?"

"व्हय."

"खरंच हरला असता, तर बरं झालं असतं." उपरणं घडी करून ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या पाठीवर कधी हात ठेवला नाही.

मलाही राग आला. पोटाला काय मान घालायचा? हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणत मी आणखी पाच वर्षं पडत राहिलो. गावाकडं फिरकलो नाही.

गेलो तो आबांच्या दहाव्याला. शेजारचे म्हातारे काका जवळ बसले आणि म्हणाले, "तुझे आबा लई सांगायचे त्या कुस्तीचं. समोरचा गडी राक्षस व्हता, पर माझं पोरगं शेवटपर्यंत झुंजलं. पाठ मातीनं भरली व्हती, म्या सोता पुसली."

आबा खोटं बोलल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.