बटाट्यांच्या शेडमधल्या पाठमोऱ्या बायका

सिग्रिदकडे कुणी फिरकलंच नाही तर? गुनवोरच्या डोक्यातून हा विचार काही केल्या जाईना. लेक चाळिशी ओलांडलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, स्वतः दोन मुलांची आई; तरी गुनवोरचा जीव तिच्यासाठी टांगणीलाच.

ईस्टरच्या सुट्टीत दक्षिण स्वीडनमधल्या स्कोनेच्या या किनाऱ्यावरचे चित्रकार आपापल्या कामाच्या जागा लोकांसाठी उघड्या ठेवतात. लोक गाड्या काढून गावोगाव हिंडतात. पण त्याआधी गावच्या सभागृहात डोकावतात. तिथे प्रत्येकाचं एकच चित्र असतं, आणि ते पाहून कुणाकडे जायचं ते ठरतं. सिग्रिदचं हे पहिलंच वर्ष. आणि तिने द्यावं काय, तर बटाटे निवडायची शेड! बटाटे वाहून नेणारा करडा पट्टा, करडी माती आणि पाठमोऱ्या उभ्या चार बायका.

"अगं, सफरचंदाच्या मोहराचं दे ना," गुनवोर म्हणाली होती. ते चित्र तिच्याच बैठकीच्या खोलीत होतं.

"आई, मोहर सगळेच काढतात."

"कारण लोकांना तो आवडतो!"

"मग त्यांनी झाडाखाली जाऊन उभं राहावं की," म्हणत सिग्रिद पाव कापत राहिली.

ती पहिल्यापासून अशीच. शाळेच्या नोकरीआधी कितीतरी हिवाळे तिने त्या शेडमध्ये बटाटे निवडले. नवरा वेगळा झाला, तेव्हा ती जुन्या मोटार गॅरेजात दर बुधवारी जमणाऱ्या चित्रकारांत जाऊ लागली. निवृत्त दंतवैद्य, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, एक सुतार. एकमेकांच्या चित्रांना नावं ठेवायची, कॉफी प्यायची, पुन्हा रंगवायचं. तिथून परतताना तिच्या नखांत रंग असे आणि चेहरा निवळलेला. गुनवोरला तेवढं पुष्कळ वाटायचं. पण आता परकी माणसं बघणार होती.

सकाळी बिर्गिट्टाचा फोन आला. सभागृहात कुठलं चित्र कुठे लावायचं हे तीच ठरवते.

"मोहराचं आणून दे. सहापर्यंत कळव, मी बदलते."

"सिग्रिदला न विचारता?"

"विचारलं तर हो म्हणणार आहे का ती? लोकांचा पाय वळायला हवा, गुनवोर. मग ती तुझे आभारच मानेल."

गुनवोरने मोहर भिंतीवरून उतरवला, घोंगडीत गुंडाळून गाडीत ठेवला आणि दालचिनीच्या बन्सचा डबा घेऊन सभागृह गाठलं. बिर्गिट्टा चौकटी आणायला बाहेर गेली होती. आत शेजारच्या शेतावरचा शेल आणि त्याची बायको उल्ला टेबलं मांडत होते. मांडता मांडता दोघं सिग्रिदच्या चित्रासमोर थबकले.

"ही मायलिस," शेल म्हणाला.

"कशावरून? नुसती पाठ तर दिसतेय."

"अगं, पाठच सांगतेय. डाव्या पायावर असं रेलून दुसरं कोण उभं राहायचं?"

"आणि ही?"

"ही तू. डोक्याला रुमाल बघ."

"माझी पाठ एवढी रुंद होती?"

"तेव्हा नव्हती. तिला पुढचे दिवस दिसले असतील."

उल्लाने हातातलं फडकं त्याच्या खांद्यावर हाणलं. मग हसू थांबवून चित्राजवळ गेली. "बोटं कशी गारठायची रे! मायलिसचं तोंड मात्र चालू. हे बघ, इथेही तिचं काहीतरी चाललंय आणि मी हसतेय. मला ठाऊक होतं, ही पोरगी सारखी आपल्याकडे बघत असायची." ती मागे वळली. "गुनवोर, उद्या आम्ही पहिल्यांदा सिग्रिदकडेच. मायलिसलाही घेऊन येते. आणखी कुणाकुणाच्या पाठी काढल्यात, बघू दे तरी!"

गुनवोर पुढे झाली. महिनोन्‌महिने तिला त्या चित्रात करडा रंग तेवढा दिसला होता. आता रुमालवाल्या बाईचा खांदा हसण्याने वर उचललेला दिसला. मायलिसची मान तिच्याकडे किंचित कललेली होती. आपल्या लेकीचे ते हिवाळे कष्टात गेले, असंच ती आजवर धरून चालली होती. ते असेही गेले होते तर.

बन्स टेबलावर ठेवून ती गाडीत येऊन बसली. मागच्या सीटवर घोंगडीतला मोहर होता. तो रात्री परत सोफ्याच्या वर जाईल. बिर्गिट्टा वाद घालणार, हे उघड होतं. घालू दे. चित्र आहे तिथेच राहील. फार तर थोडं खाली लाव, पाठी नीट दिसू देत, एवढंच सांगायचं. गुनवोरने पर्समधून फोन काढला.