पाण्यात कोळसा तोलणारे भाऊजी

आधी माझा मूर्खपणा सांगून मोकळी होते, नाहीतर नातेवाईक तो तिखटमीठ लावून सांगतीलच. माझे दीर सुरेश भाऊजी जहाजावरची चीफ ऑफिसरची नोकरी सोडून नागपुरात परदेशी कोळशाचा व्यापार करणार म्हणाले, तेव्हा लकडगंजातल्या त्यांच्या नव्या ऑफिसच्या उद्घाटनाला मी लोखंडी तराजू घेऊन गेले. वजनांसकट! कोळसा म्हणजे टाल, म्हणजे वखार, आणि टाल म्हणजे तराजू, एवढीच माझ्या अकलेची धाव. ऐट मात्र अशी, की धंदा जणू मीच काढून देत होते. पाहुण्यांनी तोंडाला रुमाल लावले. भाऊजींनी तराजूला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आपला माल जहाजभर हाये. यात तोलत बसलो तं नातवाच्या लग्नापर्यंत पुरन."

गेल्या महिन्यात ते गेले. सकाळी त्यांच्या मुलीचा, रूपालीचा फोन आला, "मोठीआई, बाबा उठून नाही राहिले…"

या रूपालीपायीच त्यांनी समुद्र सोडला होता. महिनोन्‌महिने जहाजावर राहून एकदा घरी आले, तर ही एवढीशी पोर माझ्या पदराआड लपून विचारते, "हे कवा जातीन?" भाऊजी हसले, पण जेवले नाहीत. नोकरी सोडतो म्हणाले, तेव्हा घरात गहजब झाला. कप्तान व्हायची वेळ आली आणि हा कोळशात तोंड काळं करणार! सगळ्यात मोठा आवाज अर्थातच माझा. "एवढ्या परीक्षा काहून देल्या मंग?" मी विचारलं. ते म्हणाले, "कोळसा वळखनारे लय हायेत वहिनी. तो ज्या जहाजातून येते, ते वळखनारा या गावात मी एकटाच."

जहाजातला माल काट्यावर चढत नाही. जहाजाच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात. ते पाण्यात किती बुडालं हे वाचून माल ठरवतात. मला काही केल्या समजेना. तेव्हा म्हणाले, "तुमाले टाक्यात उतरवलं अन् पानी किती चढलं ते पायलं, का तुमचं वजन समजते. तसंच." मी लाटणं फेकून मारलं. पण समजलं.

पहिलं जहाज विशाखापट्टणमला लागलं. विकणाऱ्याच्या कागदावर माल पूर्ण होता. लकडगंजच्या भागीदार शेठचा फोन, "साहेब, पहिलाच सौदा हाये, सही मारा अन् या वापस. झंझट काहून पायजे?" सौदा फिसकटला असता तर धंदा तिथेच संपला असता, आणि जुन्या कंपनीचं, परत या म्हणणारं पत्र तर घरी येऊनच पडलं होतं. भाऊजींनी होडी मागवली, जहाजाला फेरी मारली, एकेक आकडा स्वतः वाचला. आकडे कागदाशी जुळत होते, पण जहाज मागच्या बाजूनं जरा जास्तच बसलं होतं. म्हणाले, जहाजाचा तोल सांभाळायला त्याच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात, त्यांत कागदावर लिहिलंय त्याहून जास्त पाणी आहे. तेवढा कोळसा कमी. टाक्या मोजल्याशिवाय सही नाही. जहाज खोळंबलं, सगळे चिडले, शेठनं फोन घेणं बंद केलं. हे हटले नाहीत. शेवटी टाक्या मोजल्या. पाणी निघालं! विकणाऱ्याला कागद बदलावे लागले, आणि त्यानंतर शेठ म्हणे, साहेबांच्या सहीशिवाय आपण जहाजाला हात लावणार नाही. जुन्या कंपनीच्या पत्रावर आम्ही चिवडा खाल्ला.

आणि तेरवीच्या पंगतीत नात्यातले एक गृहस्थ म्हणतात, "कप्तान झाला असता. शिक्षण वाया घातलं. पोरीनं आता ते ऑफिस विकून टाकावं." मी वरण वाढत होते. पळी तशीच धरून म्हटलं, "समुद्र नाही अशा गावात जहाजाच्या विद्येवर जगून दाखवलं भाऊजींनी. तुमी काय केलं गा?" गृहस्थांनी भात कालवला.

परवा त्या ऑफिसात गेले. बापाच्या हाताखाली सगळं शिकलेली रूपाली त्याच टेबलाशी बसून टाक्या मोजल्याशिवाय सही नाही म्हणून फोनवर कुणाशी तरी भांडत होती. चहा आला, तशी तिनं टेबलावर ओला कपडा पसरला आणि त्यावर कप ठेवले. ही भाऊजींची सवय. जहाज डोललं तरी कप घसरू नये म्हणून. आयुष्यभर त्यांनी जमिनीवरही चहा तसाच प्यायला. मला हसू आलं, डोळेही भरले. म्हटलं, "अवं, नागपूर काय हलते का, तू हा कपडा टाकून राहिली?"

फोन बाजूला ठेवून ती म्हणाली, "नागपूर नाही हलत, मोठीआई. लोक हलवून पाहून राहिले ना!"