आखूड दाव्याची होडी

पाण्यापुढे माणसानं नम्र असावं, हे आमच्या मामांचं वाक्य. नव्या होडीच्या पूजेला त्यांनी ते भाड्यानं आणलेल्या माईकवरून, पलीकडच्या गावालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग नारळ फोडला. तो होडीवरच फोडल्यामुळे कडेचा एक टवका उडाला. पण फायबर भक्कम आहे, असं सर्वांचं मत पडलं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामांचं घर कोल्हापूरजवळ, कसबा बावड्याच्या पुढे, पंचगंगेच्या काठाला, आणि निम्मा ऊस पैलतीरावर. पावसाळ्यात बंधारा बुडाला की पलीकडे जायला मोठा वळसा पडायचा, म्हणून ही होडी. तिच्याबरोबर नारिंगी लाइफ जॅकेटं आली होती. मामींनी ती प्लॅस्टिकसकट टीव्हीच्या वर खुंटीला टांगली. नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढणं म्हणजे ती जुनी करणं, असा आमच्याकडे समज आहे.

राहता राहिलं होडी बांधणं. मामांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी. त्यांनी काठावर बाभळीचा खुंटा ठोकला आणि होडीचं तोंड हातभर दोरानं त्याला आवळलं.

"लईच आखूड झालं की," शेजारी म्हणाला.

"दावं लांब दिलं की जनावर दुसऱ्याच्या उसात शिरतंय," मामा म्हणाले. आणि त्यांनी वर आणखी एक गाठ मारली.

आषाढात मी तिथं मुक्कामाला होतो. पाऊस वर, राधानगरीकडे कोसळत होता. आमच्याकडे चक्क ऊन पडलं होतं. नदी चढताना गर्जना करते असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं. ती काही करत नाही. मी एका काळ्या दगडाकडे पाहत होतो. नजर जरा वळवून परत आणली, तर दगड नव्हता. पात्र मधोमध फुगून उंच झालं होतं आणि तिथून दोन्ही काठांकडे उतरत होतं, जणू पाण्याखालून कुणी पाठ वर काढत होतं. मुळांसकट उपटलेलं एक झाड आलं, पानं अजून हिरवीगार. त्यावर बगळा बसला होता. दोघंही कसलीच घाई नसल्यासारखी पुढे निघून गेली. काठावरच्या बायकांनी हात जोडले. पुरुष कुजबुजत बोलायला लागले. कोल्हापुरात माणसं हळू बोलायला लागली की प्रसंग गंभीर समजावा.

तेवढ्यात लक्षात आलं, की होडी वर येत नाही. तिची मागची बाजू उचलली होती आणि तोंड खाली ओढलं जात होतं. खुंटा पाण्याखाली गेला होता, आणि तो हातभर दोर तिला पाण्याबरोबर चढू देत नव्हता.

मामांनी पायजमा वर खोचला आणि विळा उचलला.

"कुठं निघालासा?" मामींनी हटकलं.

"दोर कापून येतो. कमरंएवढं बी न्हाय पाणी."

"मघाशी गुडघ्याएवढं हुतं! होडी दुसरी मिळंल, तुमास्नी ह्या वयात कुठनं आणू? आदी ते अंगात घाला, मग जावा कुठं जायचं तिकडं."

मी धावत जाऊन जॅकेट आणलं. प्लॅस्टिक दातांनी फाडावं लागलं. मग कळलं, की त्याचे पट्टे कुठल्या कडीतून कसे ओवायचे हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

"आवळ की!" मामा ओरडले.

"तुमी आदी प्वाट आत घ्या की!" मामी पट्टा ओढत म्हणाल्या.

ही ओढाओढ चालू असताना होडीनं एकदा मान हलवली आणि आवाज न करता खाली गेली. जिथं मामा उभे राहणार होते, तिथं आता भोवरा फिरत होता. एक ओंडका त्यात शिरला, उभा राहिला, आत ओढला गेला आणि पार लांब, बंधाऱ्याच्या अंगाला वर आला. ते सगळ्यांनी पाहिलं. मामा खाली बसले. मामींच्या हातात जॅकेटचा पट्टा होता. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मीही नदीकडे पाहत राहिलो. एवढं मोठं काही इतक्या शांतपणे चाललेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर मामा चार माणसं घेऊन काठाकाठानं होडी शोधत निघाले आणि वाटेतली गावं विचारत थेट शिरोळपर्यंत जाऊन आले. होडी घराखालीच होती, चिखलात, खुंट्याला बांधलेली.