सईच्या आधी कुणीतरी हसलं

द्वारकाबाई आमच्याकडे भाकरी करायला येऊ लागल्या त्या दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी अर्ध्या तांब्यात हात धुतले आणि ते पाणी मोरीत न सोडता तुळशीला घातलं. आमच्या सोसायटीत तेव्हा दिवसाआड टँकर यायचा. शहराच्या दक्षिणेला, देवळाईच्या अंगाला नव्या इमारती उठत होत्या. आमची त्यातलीच एक. महिनाभरानं भाकरी थापता थापता त्या सहज म्हणाल्या, "तुमचं हे किचन हाय ना ताई, इथं आमचा गोठा व्हता." तक्रार म्हणून नाही. पत्ता सांगावा तसं.

माहेर पिशोरकडचं. वय पन्नाशीच्या थोडं पुढं, अंगानं वाळलेल्या, चालायला मात्र चपळ. आभाळ भरून आलं की हातातलं काम टाकून त्या खिडक्या लावायच्या आणि जमिनीवर पाय जवळ घेऊन बसायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "सवय हाय." मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. विजेची भीती खेड्यापाड्यात असतेच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

वाळूजच्या एका कंपनीत इंजिनियर असलेला आमच्या सोसायटीतला हिमांशू दर शनिवारी संध्याकाळी आम्हा दहा जणांना जवळच्याच सातारा गावाच्या डोंगरावर न्यायचा. माझी मुलगी सईही यायची, तेव्हा एकोणीस वर्षांची. लग्नानंतर पंधरा-वीस वर्षं याच डोंगरावर शेळ्या चारल्यामुळं द्वारकाबाईंना तिथली प्रत्येक वाट ठाऊक होती. म्हणून त्या पुढं असायच्या, डोक्यावर भाकरी-ठेच्याचा स्टीलचा डबा घेऊन. वर बसून सगळ्यांनी खायचं आणि अंधार पडायच्या आत उतरायचं, असा शिरस्ता होता.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यातला शनिवार होता. चार वर्षांत पाऊस असा झालाच नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी मुरूम काढून काढून मोठाले खड्डे पडले होते, आणि तो मुरूम खाली प्लॉटिंगच्या रस्त्यांवर पसरला जात होता. आम्ही निघालो तेव्हा ऊन होतं, पण वारा अचानक थांबला. द्वारकाबाईंनी डबा खाली ठेवला.

"दादा, वारं पडलंय. आज नको."

हिमांशू म्हणाला, "मावशी, आला पाऊस तर बरंच की. भिजू सगळे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सई येतीय का?"

"येतेय," मी म्हणाले.

त्यांनी डबा पुन्हा डोक्यावर घेतला.

अर्ध्या वाटेवर मला जाणवलं की कुठलाच आवाज येत नाहीये. त्या वेळी मोर ओरडतात, टिटव्या असतात. काहीच नव्हतं. आमच्याच बुटांखालचे खडे वाजत होते. पश्चिमेकडून मातकट पिवळा ढग वर सरकला आणि त्याखाली सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसू लागले. द्वारकाबाई दोनदा थांबल्या. दोन्ही वेळा मान वळवून त्या माथ्याकडं बघत राहिल्या, कुणी हाक मारल्यावर बघावं तसं.

माथा सपाट आहे. तिथं शेंदूर लावलेला एक दगड आणि त्याच्याशेजारी पुरुषभर उंचीचा लोखंडी त्रिशूळ. आम्ही पोचलो तेव्हा तो त्रिशूळ वाजत होता. बारीक, एका सुरात, बंद डब्यात भुंगा अडकल्यासारखा. हिमांशू म्हणाला, "जवळपास हाय टेन्शनची लाईन असेल." त्या डोंगरावर एकही तार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग सई हसली. "आई, माझे केस बघ."

तिचे मोकळे केस हळूहळू वर उठत होते. एकेक बट वेगळी होऊन सरळ आभाळाकडं. पाण्याखाली शेवाळ उभं राहतं तसं. सगळे हसायला लागले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मी मोबाईल काढला आणि फोटो घेतला. वर्गात दरवर्षी हाच प्रयोग मी फुगा घासून दाखवते, आणि तिथं माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

द्वारकाबाईंनी डबा फेकून दिला. भाकऱ्या मातीत गेल्या. त्यांनी सईचे वर उठलेले केस मुठीत धरले आणि तिला अक्षरशः फरफटत उताराकडं ओढलं. सई किंचाळली.

"मावशी, काय करताय?" हिमांशू धावला.

"खाली चला. समदे. हातातलं लोखंड टाका." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. हिमांशूनं हातातली धातूची काठी टाकली आणि तोही उतरू लागला.

साठ-सत्तर पावलं खाली मुरमाचा एक जुना खड्डा होता. त्यात त्यांनी आम्हाला उतरवलं. सई रडत माझ्याकडं आली, मी हात पुढं केला, तोच त्यांनी आमच्या मधोमध उभं राहून आम्हाला अडवलं.

"धरू नगा. एकमेकाला कुणी धरू नगा. लांब लांब बसा. पाय जवळ घ्या, टेकू नगा कशाला."

माझी मुलगी दहा हातांवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि मी तिला हात लावायचा नव्हता. मी वर बघितलं. अंधारलेल्या माथ्यावर त्रिशुळाच्या तिन्ही टोकांवर निळसर, बोटभर ज्योती उभ्या होत्या. वारा नव्हता, तरी त्या हलत होत्या.

मग सगळं पांढरं झालं. आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही, छातीत बसलेला धक्का तेवढा आठवतो, आणि जळक्या गंधकासारखा वास. पुढं कितीतरी वेळ कानात शिटी वाजत होती. द्वारकाबाई एकेकाकडं बोट करत नावं घेत होत्या आणि प्रत्येकाला 'हो' म्हणायला लावत होत्या. सगळे बोलले. हिमांशूला एका कानानं ऐकू येत नव्हतं. ते पुढं महिन्याभरानं सुधारलं.

पाऊस आलाच नाही. धुळीत रुपयाएवढे चार थेंब पडले आणि ढग निघून गेला. उतरताना खाली बघितलं तर अख्ख्या शहराची वीज गेलेली. जिथं दिव्यांचा पसारा असतो तिथं काळं पठार दिसत होतं.

चौथ्या दिवशी त्या कामावर आल्या. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

कप हातात धरून त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या अकरा वर्षांच्या होत्या. आईवडील खडी फोडायच्या कामावर, आणि द्वारका व तिची थोरली बहीण गोजर पिशोरच्या डोंगरात शेळ्या घेऊन. एका संध्याकाळी असंच आभाळ आलं. गोजर उंच खडकावर उभी होती. तिचे केस वर उठले.

"ती हसली. मी बी हसले. म्हनलं, गोजरे, भूत दिसतीस. तेवढ्यात एक करडू वघळीत पडलं, म्हनून मी खाली गेले. वर आले तर..." त्यांनी कप खाली ठेवला. "ज्या शेळ्या एकमेकीला चिकटून हुभ्या व्हत्या, त्या समद्या गेल्या. लांब व्हत्या त्या वाचल्या. आई म्हनायची, डोंगरावर हसलात म्हनून नेली तिला. आमच्या मालकाला बी कधी सांगितलं नाय मी हे."

मी त्यांना समजावलं. ढगातला विद्युतभार, उंच जागा, केस का उठतात, सगळं. हसण्याचा त्यात काही संबंध नाही, तुमचा काही दोष नाही, हे तीन-चारदा सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"असंल," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या. पर ताई, केस नंतर उठले. सई त्याच्यामागून हसली. मला वाटेतच हसू ऐकू आलं व्हतं. दोनदा. वरून."

"कुणाचं?"

त्यांनी कप उचलला, विसळला आणि ते पाणी तुळशीला घातलं.

पुढच्या महिन्यापासून हिमांशूनं एक नियम केला: द्वारकाबाई नको म्हणाल्या की त्या दिवशी डोंगर नाही, कारण विचारायचं नाही. गेल्या काही वर्षांत त्या सहा वेळा नको म्हणाल्या. त्यातल्या चार वेळा आभाळ निरभ्र राहिलं आणि काहीही झालं नाही. तरी आमच्यातलं कुणी त्यांच्याशी वाद घातला नाही. अशा संध्याकाळी त्या आमच्याच घरी थांबतात, सईच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घालतात, आणि घरी जायला निघतात तेव्हा मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला जाते.