आधी दोन पकडी

आमच्या प्रशिक्षण यार्डात त्याला सगळे पकडमास्तर म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, कारण वीस वर्षं मी त्याला स्टोअरमधून अवजारं काढून देतोय.

तो ज्या पाइपाने जमिनीत भोक पाडायला शिकवतो, तो पोलादाचा, पण दोऱ्यासारखा रिळावर गुंडाळलेला असतो. झिजलेलं टोक अधूनमधून कापावं लागतं. कापण्याआधी करवतीच्या दोन्ही बाजूंना पकड लावायची, नाहीतर मोकळं टोक उसळून समोरच्याला फोडतं. मास्तर हे इतकं घोकून घेतो की पोरं जेवणाच्या सुट्टीतही "आधी दोन पकडी!" म्हणून एकमेकांना चिडवतात. हे घोकणं सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. का, ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

तेव्हा हे वर्गात सांगत नसत, प्रात्यक्षिकातच दाखवत. प्रत्येकाने मास्तरसमोर आपल्या हाताने टोक कापायचं, मगच कार्डावर सही. त्या वर्षी मास्तरच्या ताईचा नवराच शिकायला आला. वयाने मोठा म्हणून यादीत पहिलं नाव त्याचं. आणि आमचा वाघ शेळी झाला! घरी ज्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही, त्या दाजींना पोरांदेखत परीक्षेला कसं उभं करायचं?

"दाजी, तुम्हाला काय शिकवायचं? तुम्ही जाणतेच. जा, चहा पिऊन या," म्हणाला आणि सही ठोकली. पेन मी दिलं.

चौथ्या महिन्यात दाजींनी कामावर एकच पकड लावून करवत चालवली. उजवं कोपर गेलं ते गेलंच. चौकशीत कार्ड निघालं, कार्डावर सही होती, म्हणून 'शिकवूनही निष्काळजीपणा' असा शेरा पडला. मास्तर मूग गिळून बसला. मला त्याचा संताप यायचा, पण मीही बसलोच होतो, मग कोणत्या तोंडाने बोलणार?

दाजी आता यार्डाच्या गेटवर बसतात, डाव्या हाताने गाड्यांचे नंबर लिहितात. ताई येता-जाता ऐकवते, "यांचं लक्ष ठिकाणावर असतं तर!" मास्तर तिच्याकडे जेवायला गेला की दोन घासांत उठतो. ताईला वाटतं, भावाला आपल्या हातचं आवडेनासं झालं.

गेल्या सोमवारी नव्या साहेबाने दाजींना वर्गात आणलं, पोरांना अनुभव सांगायला. मी पकडींचं खोकं घेऊन दारात उभा होतो.

"माझी चूक ऐका," दाजी म्हणाले. "मास्तरांनी नीट शिकवलं होतं. मीच विसरलो. तुम्ही विसरू नका."

मला वाटलं, आताही मास्तर मूग गिळणार. मास्तरने हातातली पकड टेबलावर ठेवली.

"दाजी, मी शिकवलं नव्हतं," तो म्हणाला. "तुमची परीक्षा घ्यायला लाजलो. चहाला पाठवलं आणि सही केली."

दाजी त्याच्याकडे वळले.

"नव्हतं शिकवलंस?"

"नाही."

दाजी पुढच्या बाकावर बसले, पोरांना सरकवून.

"सहा वर्षं रोज आठवून बघतोय रे, तू ते कधी सांगितलंस. आठवेना, म्हणून डॉक्टरकडे जाऊन डोकं तपासून आलो. तुझ्या ताईलाही नाही सांगितलं."

मास्तर रडायला लागला. मला त्याची दया आली नाही, स्वतःची लाज वाटली.

"रडू नकोस," दाजी म्हणाले. "ताईला जाऊन सांग. तूच सांग. मी सांगितलं तर म्हणेल, आता दुसऱ्यावर ढकलतायत."

मास्तर तसाच निघाला. मी खोकं खाली ठेवलं आणि त्याच्या मागोमाग गेलो. पेन माझं होतं, हेही ताईला कळायला हवं होतं.